घाम येईपर्यंत थांबायचं

३ फेब्रुवारी

पोरी,

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. माझं अक्षर तुला माहीत आहे, कोंबडीचे पाय. डोळे ताणून वाच. चार इयत्ता शिकले, त्यातली एक दोनदा, त्यात हेच येतं. पत्ता मात्र नीट लिहिलाय. खालच्या शिंपिणीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, ती देत नव्हती. मी तिच्या मशीनसमोर ठाण मांडून बसले, दोन गिऱ्हाइकं माझं तोंड बघून परत गेली, तेव्हा दिला.

तिच्याकडूनच कळलं की तुला मुलगी झाली. सात आठवड्यांची झाली म्हणे. मला कोणी सांगितलं नाही. नसेल सांगायचं. ती कोणावर गेलीय, नाक कोणाचं, हे विचारायला मी लिहीत नाहीये.

शिंपीण म्हणाली, तू तिला टोचायला नेत नाहीस. सहाव्या आठवड्याचा डोस चुकवलास. तिकडच्या केंद्रातली नर्स दारात आली तर तिला म्हणालीस, "माझ्या पहिल्याला दोन डोस दिले होते. कार्ड दाखवू? कार्ड आहे, पोरगं नाही."

हे सांगताना शिंपिणीने पदर डोळ्याला लावला. मी विचारलं, मग नर्स काय म्हणाली? तर वही मिटून गेली. नवखी असणार. मी असते तर तुझ्या दारात बसकण मारली असती आणि तू आतून कडी लावली असतीस तरी दिवसभर उठले नसते.

हे बघ, टोचल्यावर मांडी सुजते, एक दिवस ताप येतो, पोर रडून घर डोक्यावर घेतं. त्याने कोणी मरत नाही. डांग्या खोकल्याने मरतं. हे तुला सांगायची गरज नाही, आपण दोघींनी अकरा दिवस बघितलंय.

एकोणीस वर्षं मी आरोग्य केंद्रात झाडलं, पुसलं आणि ती निळी पेटी खांद्याला लावून गल्ल्या पालथ्या घातल्या. किती पोरं टोचून झाली याची मोजदाद नाही. ती चालतात, पळतात, मला बघून तोंड वेंगाडतात. एका पोरावरून सगळ्या औषधाला नावं ठेवू नकोस.

घेऊन जा तिला.

तुझी आई


१४ फेब्रुवारी

पोरी,

अकरा दिवस झाले. उत्तर नाही. अपेक्षा नव्हती, पण पोस्टमन जिना चढला की मी दारात जाते. तो म्हणतो, "मावशी, लाईटबिल आहे." जसं काही मी त्याला विचारलं होतं.

शिंपिणीशी तू बोललीस, तिने सांगितलं. माझं पाकीट तू फोडलं नाहीस. फळीवर डब्याखाली ठेवलंय. जावईबापू म्हणाले, वाचून तरी बघ, तर तू म्हणालीस, "तिला काय लिहायचंय ते ती तोंडावर बोलून गेलीय."

बोलले. नाही म्हणत नाही.

हॉस्पिटलच्या त्या बाकावर, बाहेर. गुंडूला आत नळ्या लावलेल्या होत्या. तू माझा हात धरलास आणि विचारलंस, "आई, दोन डोस दिले होते ना? मग कसं झालं?" आणि मी म्हणाले, "डोसाला काय विचारतेस? खोकणाऱ्या घरात नेलंस कशाला त्याला?" तू हात सोडलास. त्यानंतर आजपर्यंत धरला नाहीस.

तुझ्या नणंदेच्या मोठ्या मुलाला खोकला होता हे खरं आहे. तू दोन दिवस तिथे राहिलीस हेही खरं. म्हणून मी बोलले ते सगळं खोटं होतं असं नाही.

पण ते बोलायची ती वेळ नव्हती. एवढं कबूल करते. आणि आणखी थोडं आहे, ते आज नाही.

त्याचं झबलं माझ्याकडे राहिलंय, पिवळं, बंद तुटलेलं. शिंपीण म्हणाली, दे, बंद लावून देते, पाठवून दे नव्या पोरीला. मी म्हटलं, नको. मेलेल्या पोराचं झबलं जिवंत पोराला घालायला तू काय वेडी आहेस? मग मी वर आले आणि माझं मलाच कळेना, मी तिला का ओरडले.

मुलीला नऊ आठवडे होतील. अजून उशीर झालेला नाही. सहाव्याला नाही दिला तर नवव्याला देतात, दहाव्याला देतात. हाकलत नाहीत कोणी. कार्डावर उशिराची तारीख पडते, एवढंच.

आई


२ मार्च

पोरी,

हे तिसरं. हेही डब्याखाली जाणार असेल तर डबा जरा वर उचल, नाहीतर कलंडेल.

मी विचार केला आणि मला वाटलं, तुला एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात, म्हणजे गुंडूला डोस दिले त्या उन्हाळ्यात, आमच्या केंद्रात लाईट फार जायची. तासन्‌तास. फ्रीज बंद पडायचा. लस फ्रीजमध्ये नीट गार राहिली नाही तर मरते. बाटली दिसायला तशीच, पण आतलं औषध संपलेलं. तेव्हा कदाचित असं झालं असेल. कदाचित म्हणते मी. म्हणजे लशीचा दोष नाही आणि तुझाही नाही. लाईटचा.

आता तुझ्या तिकडे लाईट जात नाही असं शिंपीण म्हणते. म्हणून तिकडे घ्यायला हरकत नाही.

विचार कर.

आई


९ मार्च
(पोस्टकार्डं, एकूण पाच. पत्ता: जावयाचं मोटार वाइंडिंगचं दुकान)

कार्ड पहिलं

जावईबापू,

हे कार्ड मुद्दाम उघडं पाठवते आहे आणि मुद्दाम तुमच्या दुकानावर. पोस्टमनने वाचलं असणार, तुमच्या मालकाने वाचलं तरी माझी ना नाही. बंद पाकिटं तुमच्या घरात उघडत नाहीत. काल शिंपिणीने सांगितलं, तुमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं पोर पंधरा दिवस खोकतंय आणि खोकून झालं की ओकतंय. तो कसला खोकला आहे हे मला डॉक्टरने सांगायला नको. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर. जिना एकच.

ही पाचही कार्डं तिला वाचून दाखवा. ती उठून गेली तर मागे मागे जाऊन वाचा. मोरीत जाऊन बसली तर दाराबाहेरून मोठ्याने वाचा.

मागच्या पत्रात मी लाईटचं लिहिलं ते खोटं आहे. लाईट जायची, पण आमच्या सिस्टर फ्रीजचा काटा दिवसातून दोनदा लिहून ठेवायच्या आणि लाईट गेली की डॉक्टरीणबाई स्वतः जनरेटर लावायला पळायच्या. फ्रीजला काही झालं नव्हतं. झालं ते माझ्या पेटीत. पुढच्या कार्डावर.

कार्ड दुसरं

पोरी, आता तुझ्याशी बोलते.

लशीच्या पेटीत चार बाजूंनी चार आईसपॅक लावतात. आईसपॅक म्हणजे पाणी भरलेला चपटा प्लास्टिकचा डबा, बर्फ करून. तो फ्रीझरमधून काढला की लगेच पेटीत घालायचा नसतो. टेबलावर ठेवायचा. आधी त्याच्यावर पांढरा थर असतो. मग तो जातो आणि पाणी सुटतं, डब्याला घाम येतो. तेव्हा कानाशी धरून हलवायचा. आत पाणी डचमळल्याचा आवाज आला की मग घालायचा. पाऊण तास जातो. कारण कडक बर्फ बाटलीला लागला तर आतली लस गोठते, आणि ही लस गोठली की संपली. परत वितळवून उपयोग नाही.

हे मला सिस्टरने शिकवलं होतं. चांगलं तीनदा. पण त्याआधी सतरा वर्षं मी फक्त पोलिओच्या थेंबांची पेटी नेली. थेंबांना जेवढा गारवा तेवढा चांगला. टोचायची पेटी दुसरी बाई न्यायची. ती निवृत्त झाली आणि त्या उन्हाळ्यात दोन्ही पेट्या माझ्या खांद्यावर आल्या. मी म्हटलं, कालची आलेली पोरगी मला गारवा शिकवणार? बाहेर अंगाची लाही होतेय आणि ही म्हणते बर्फ वितळू दे. माझ्या पेटीत हात घातला की बोटं बधिर होतात, हे मी गल्लीत मिरवून सांगायचे.

कार्ड तिसरं

तेव्हा तू इथेच राहायचीस, तुझ्या गल्लीची पाळी बुधवारी असायची. घरचं पोर म्हणून त्या दिवशी मी पॅक फ्रीझरच्या तळातून काढायचे, सगळ्यात कडक. इतर गल्ल्यांना वरचे.

सिस्टर दर वेळी निघताना विचारायच्या, "मावशी, घाम आला होता का?" आणि मी म्हणायचे, "मला आलाय, त्याला नाही का येणार!" त्या हसायच्या. एवढ्या हसायच्या की पुढे नुसतं "घाम?" म्हणायच्या आणि मी पदराने कपाळ पुसून दाखवायचे. एकदाही त्यांनी पॅक उचलून कानाशी लावला नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणून. मी त्यांच्या आईच्या वयाची होते म्हणून.

गुंडूचा दुसरा डोस तुझ्या ओट्यावर दिला. मी बाटली काढायला हात घातला तर ती पॅकला चिकटलेली. ओढून काढली. आत पांढरा खडा होता. मी आधी लिहिणार होते की मी बघितलं नाही. बघितलं. मुठीत धरली, पाठ फिरवून उभी राहिले, वितळली तशी सिस्टरच्या हातात दिली. त्यांनी विचारलं, "घाम?" मी कपाळ पुसलं. त्या हसल्या, तूही हसलीस. गुंडूची मांडी तू धरली होतीस.

कार्ड चौथं

तेव्हा मला वाटलं, वितळली म्हणजे झालं. एवढं खरंच वाटलं. पण मग मी पाठ का फिरवली, याचं उत्तर मला देता येत नाही. चूक आहे हे हाताला कळलं होतं, डोक्याला सांगितलं नाही.

बाकावर तू विचारलंस तेव्हा मला ती बाटली आठवली. पहिल्यांदा तीच आठवली. म्हणून मी नणंदेचं घर पुढे केलं.

गुंडू गेल्यावर पाच महिन्यांनी आम्हाला सगळ्यांना शिकवायला मोठ्या कार्यालयातून एक बाई आल्या. त्यांनी दोन बाटल्या आणल्या. एक चांगली, एक मुद्दाम गोठवून वितळवलेली. दोन्ही हलवल्या आणि टेबलावर ठेवल्या. चांगली होती ती दुधाळ राहिली. दुसरीत हळूहळू तळाला गाळ बसला आणि वर निवळ पाणी. त्या म्हणाल्या, "ही टोचणं म्हणजे पोराला नुसतीच सुई टोचणं." सगळ्या बायका वाकून बघत होत्या. मी बसूनच होते. मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

त्या दिवसापासून मला माहीत आहे. चौदा महिने झाले. तू मला सोडलंस ते एका वाक्यासाठी सोडलंस. खरं कारण तुला माहीतच नव्हतं आणि मी ते तुझ्यापर्यंत येऊ दिलं नाही.

कार्ड पाचवं

गुंडूला डोस मिळालेच नाहीत. कार्डावर दोन आहेत, अंगात एकही नव्हता. तुझी नणंद, तिचा मुलगा, ते दोन दिवस, यातलं काही तुझ्याकडे लागत नाही. टोचलेलं पोर खोकणाऱ्या घरात जाऊन परत यावं, यासाठीच टोचतात. तू तुझं काम केलं होतंस. मी माझं केलं नाही.

म्हणून लशीवर राग धरू नकोस. माझ्यावर धर, मी टिकाऊ आहे.

मुलीला ने. पण सुई लावायच्या आधी विचार, आईसपॅकला घाम आला होता का. नर्स चिडेल. चिडू दे. म्हण, पॅक माझ्या कानाशी हलवून दाखवा. पाणी वाजलं नाही तर पोर उचल आणि उठ, दुसऱ्या दिवशी जा. पण दुसऱ्या दिवशी जाच.

जावईबापू, वाचून झालं. हे कार्ड फाडू नका, तिला परत बघायचं असेल.


२८ मार्च

पोरी,

तुला उत्तर द्यायची सक्ती नाही. हे मी तुला कळवायचं म्हणून कळवते, कारण आता ते बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

तुझी कार्डं पोस्टाच्या पेटीत टाकली आणि तशीच केंद्रात गेले. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत. रांग होती, रांगेत बसले. माझा नंबर आला तेव्हा त्या म्हणाल्या, "मावशी, तुमचं काय दुखतंय?" मी म्हटलं, "दुखत नाहीये, सांगायचंय." आणि सांगितलं. तुला लिहिलं तेच, त्याच क्रमाने. मधे त्यांनी पेन खाली ठेवलं. सगळं झाल्यावर एवढंच विचारलं, "किती दिवस?"

"एक उन्हाळा. पाऊस लागला तशी मी थांबायला लागले. पावसात पॅक वितळायची भीती नव्हती."

"म्हणजे थांबता येत होतं तुम्हाला."

"येत होतं."

मग त्यांनी सिस्टरना बोलावलं. सिस्टर उभ्या राहून ऐकत होत्या. मला वाटलं, ही पोरगी आता मला फाडून खाईल. खाल्लं असतं तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "मावशी, मी रोज विचारायचे." बस. तेवढंच, आणि तेही हळू. मग दारापर्यंत गेल्या आणि परत वळून डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "मी हसायचे, मॅडम. विचारायचे आणि हसायचे." त्यांनाही वरून विचारणा आलीय. माझ्यामुळे. मी लिहून दिलं की त्यांची चूक नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसं चालत नाही, पॅक बघायचं काम त्यांचंही होतं.

त्या उन्हाळ्यातल्या पोरांची नावं रजिस्टरमधून काढली. एकेचाळीस. बरीचशी पुढचे डोस घेऊन गेलेली, तरी सगळ्यांना परत बोलवायचं ठरलं. त्यात दोघं तेव्हा खोकली होती आणि वाचली. सगळ्यांच्या घरच्यांना कोणी सांगायचं यावरून केंद्रात कुजबुज चालली. मी म्हटलं, माझ्या गल्ल्या आहेत, मी जाते. डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला सोडलं नाही, माझ्या जागी घेतलेल्या नव्या मुलीला बरोबर दिलं. पेटी तिच्या खांद्यावर. माझा हात रिकामा.

एका बाईने ऐकून घेतलं आणि माझ्या पायाशी थुंकली. मी पाय मागे घेतला नाही. दुसरीने मला बसायला स्टूल दिलं आणि मग आत जाऊन तिच्या नवऱ्याला म्हणाली, "ती म्हातारी आलीय, गुंडूची आजी. तिचं स्वतःचं पोर गेलंय, तिला काय बोलायचं?" मला थुंकलेलं सोसलं, हे सोसलं नाही. मी ओरडून सांगितलं, "बोला ना! गेलं माझंच, पण घालवलंही मीच!" शेजारीपाजारी जमा झाले. नव्या मुलीने मला कोपराला धरून बाहेर आणलं. बाहेर येऊन मला म्हणाली, "आजी, आपल्याला अजून अकरा घरं करायची आहेत. प्रत्येक घरात असं करणार का?" पोरगी कामाची आहे.

तिने पहिल्याच दिवशी चारही पॅक एकामागून एक कानाशी लावले. मी उभी राहून बघत होते. तिच्या चेहऱ्यावर बर्फाचं पाणी ओघळलं आणि तिने ते पुसलं नाही.

मला कामावरून घरी बसवलंय. चौकशी होईपर्यंत म्हणतात. पुढे काय व्हायचं ते होईल. सकाळी उठून साडेसातला मी चप्पल घालते आणि मग आठवतं. माझा उजवा खांदा पेटीने कायमचा खाली गेलाय. शिंपीण म्हणते, तुझ्या ब्लाउजची दोन मापं घ्यावी लागतात. परवा तीही कमी बोलली. तिच्या भाचीचं पोर त्या एकेचाळिसात होतं, मला माहीत नव्हतं. ठणठणीत आहे ते, पण तिने टेप काढली, माप घेतलं, टेप गुंडाळली आणि म्हणाली, "गुरुवारी या." आधी ती मला "ये गं" म्हणायची.

तुझ्या इमारतीतल्या त्या पोराचं विचारलं. ती म्हणाली, मला माहीत नाही. माहीत असणार.

आई


२० एप्रिल

पोस्टमन आज लाईटबिल म्हणाला नाही. पाकीट हातात दिलं आणि जिना उतरला.

आत एक झेरॉक्स. मुलीच्या कार्डाची. वरचं नाव घडीत दबलंय, मी घडी ताणून वाचलं. चांगलं नाव ठेवलंस. जन्मावेळचं वजनही आहे, गुंडूपेक्षा पाव किलो जास्त. डोसाच्या रकान्यात दोन तारखा. चौदा मार्च, अकरा एप्रिल. दोन्हींवर शिक्का आणि सही.

चौदा मार्च म्हणजे माझी कार्डं तुला तेरालाच मिळाली असणार. दुसऱ्याच दिवशी गेलीस. आणि मला कळवायला महिना लावलास. बरं केलंस. मी असते तर एवढंही कळवलं नसतं.

मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलंय. वर "आई" नाही, खाली तुझं नाव नाही. पण अक्षर तुझंच, शाळेतल्यासारखं, रेघेला धरून.

"दोन्ही वेळा विचारलं. त्यांनी पॅक माझ्या कानाला लावला. पाणी होतं. तिसऱ्या मजल्यावरचं मूल काल गेलं. ते टोचलेलं नव्हतं, त्याच्या आईला मी सांगितलं होतं नको म्हणून. आता मला पत्र लिहू नकोस."

मी ते चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचण्यासारखं त्यात काही उरलं नाही.

तू लिहू नको म्हणालीस, तेव्हा हे शेवटचं. त्या बाईला तू काय सांगितलंस ते माझ्यामुळे सांगितलंस. तुझ्या तोंडून गेलं, पण निघालं माझ्या पेटीतून. ते पोर माझ्या हिशेबात धर. एकेचाळीस घरांत मी गेले, हे बेचाळिसावं माझ्या यादीत कुठेच नव्हतं. तिच्या घरी तुला जावं लागेल. उभ्या उभ्या सांग. ती थुंकली तर पाय मागे घेऊ नकोस, आणि तिने स्टूल दिलं तर बसू नकोस. तुला जमत नसेल तर मला एक कोरं कार्ड टाक. काही लिहू नकोस, मी समजेन आणि येईन. तुझ्या दारात येणार नाही, जिन्याने सरळ वर जाईन.

तिसरा डोस नऊ मे.

तेव्हाही विचार. तीच नर्स असली, ओळख झाली, चहापाणी झालं, तरी विचार. आणि तिने काही गंमत केली, तर हसू नकोस.